तीन पाण्यांतून काढलेला पाला

८ ऑक्टोबर २०२४ रोजी भर दुपारी, शनिवार पेठेतल्या बापूरावांच्या काष्ठौषधीच्या दुकानात, अपेक्षाने हुस्नबानूच्या हातावर सहा हजार सातशे चाळीस रुपये ठेवले. हुस्नबानू चाळीस वर्षं ब्राह्मीचा पाला विकत होती, पण एवढी रक्कम एकदम तिच्या हातात कधी आली नव्हती. तिने ती न मोजताच पदराच्या टोकाला बांधायला घेतली.

"मोजून घ्या, आजी," अपेक्षा म्हणाली.

"तुमच्यावर भरवसा आहे, बेटा."

"तिच्यावर ठेवा हो," गल्ल्यामागून बापूराव म्हणाले. "नोटांवर ठेवू नका. मोजा."

तिघेही हसले. दुकानात हिरड्याचा आणि जुन्या लाकडाचा वास होता, फळीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाला होता, आणि तो पाला या खेपेला कुठून आला हे कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही दिसतही नव्हतं. पानं हिरवीगार होती, रुपयाच्या नाण्याहून मोठी होती, आणि एकाही पानाला किडीने तोंड लावलेलं नव्हतं.

ब्राह्मीला वैद्य मंडूकपर्णी म्हणतात. जिथे बेडूक राहतो तिथे ती वाढते म्हणून म्हणत असतील. पेठेतली माणसं मात्र ब्राह्मीच म्हणतात आणि केसांच्या तेलात घालतात, भाजल्यावर वाटून लावतात, परीक्षेच्या दिवसांत मुलांना तिचा रस पाजतात. हुस्नबानू लग्न होऊन खडकीला आली तेव्हा तिला हे काहीच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा कादर छावणीतल्या एका जुन्या बंगल्यावर माळी होता. बंगल्यामागून नदीकाठाला उतरणारी पायवाट त्यानेच तिला दाखवली, आणि खडकातून पाझरणाऱ्या झऱ्यापाशी पसरलेली ही वेलही त्यानेच दाखवली. पाला खुडायला शिकवलं त्याने. धुवायला शिकवलं सासूने.

सासूची शिस्त कडक होती. कपड्याला काही नापाक लागलं तर तो तीनदा वेगवेगळ्या पाण्यात धुवून पिळायचा, मग तो नमाजाला चालतो. हा नियम सासूने पाल्यालाही लावला होता. नदीकाठाला माणसं बसतात, जनावरं फिरतात, तिथलं पान कोणाच्या तोंडी, कोणाच्या जखमेवर जाणार. तेव्हा तीन घमेल्यांत तीन पाणी घ्यायचं आणि पाला एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात काढायचा. सासू गेली, पुढे कादरही गेला. हुस्नबानूने एकाही खेपेला तिसरं पाणी चुकवलं नाही. खडकी बाजारात बायका "बानूआपाचा पाला" म्हणून मागत, त्यामागे हे तिसरं पाणी होतं. त्या एका पाल्याच्या जोरावर तिने मुलगा कासिमला रिक्षा घेऊन दिली, आणि कासिमची आईवेगळी मुलगी मिसबा हिला बारावीपर्यंत शिकवलं.

मिसबा चार वर्षांची असताना तिने चुलीवरचं चहाचं पातेलं अंगावर ओढून घेतलं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. डॉक्टरांचा मलम होताच, पण हुस्नबानूने पुढचा महिनाभर रोज ताजी ब्राह्मी वाटून लावली. आज त्या हातावर डाग शोधून सापडत नाही. तेव्हापासून घरात कोणी ब्राह्मीबद्दल शंका काढली नाही. काढायची कशी? पुरावा घरात हिंडत होता.

हीच मिसबा, आता बावीस वर्षांची, कॅम्पातल्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि पगारातून कोरियन क्रीम आणायची. एका संध्याकाळी तिने पांढरी डबी आजीसमोर धरली.

"दादी, ओळख बघू."

डबीवर हिरव्या पानाचं चित्र होतं. गोल, कडेला बारीक दाते, देठापाशी खाच.

"हे तर आपलं पान."

"कोरियात याला सिका म्हणतात. चेहरा लाल झाला, आग झाली, की हेच लावतात. एवढ्याशा डबीला साडेनऊशे."

हुस्नबानूने डबी उघडून वास घेतला. "ह्यात पान कुठाय? नुसता साबणाचा वास येतोय."

"अर्क असतो गं त्यात."

"म्हणजे पान त्यांनी ठेवून घेतलं आणि पाणी तुला विकलं."

मिसबा हसून लोळली. पण तिच्या मनात आलं ते तिने त्याच वेळी बोलून टाकलं. डिसेंबरात तिचं लग्न ठरलेलं होतं, मुलगा हडपसरला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, दोघं एकमेकांना आवडली होती. निकाहआधी नवरीला उटणं लावायचा मांजाही तेव्हाच व्हायचा होता. "माझ्या मांजाला उटण्यात तुझी ब्राह्मी घाल, दादी. ताजी. सगळ्यांना सांगीन, माझी सिका खडकीची आहे."

अपेक्षाचं येणं त्याच सुमाराचं. ती हिंजवडीतली नोकरी सोडून घरच्या घरी चेहऱ्याचे लेप बनवायची आणि मोबाइलवरून विकायची. ब्राह्मीचा शोध घेत ती बापूरावांकडे पोचली.

"इथे पन्नास वर्षं पाटीत पडून होती तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं," बापूराव तिला म्हणाले होते. "परदेशात जाऊन नाव बदलून आली, आता लोक अहोजाहो करतात."

"काका, तुम्ही पण लगेच भाव वाढवलात ना?"

"पाहुण्यांचा मान राखावा लागतो."

अपेक्षाची अट एकच होती. पान अख्खं हवं. व्हिडिओत दाखवायचं असतं, भोक पडलेलं पान दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं.

ही अट पुरी करणं त्या वर्षी अवघड होतं. नदीकाठाला काम निघालं होतं, झऱ्याच्या वाटेवर निळे पत्रे लागले होते, आणि पत्र्यांच्या आड झरा होता की बुजला हे कळायला मार्ग नव्हता. हुस्नबानू दोन-तीन ठिकाणी हिंडली. मिळाली ती ब्राह्मी गोगलगायींनी चाळणी केलेली. मग सप्टेंबरच्या शेवटी, एका ओळखीच्या घरून परत येताना, वाट चुकून ती छोट्या वर्कशॉपांच्या रांगेमागे गेली. तिथे एक अरुंद ओढा होता. नळांना, कड्यांना चकचकीत मुलामा देणाऱ्या एका शेडच्या भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता, त्यातून पिवळसर पाणी ओढ्यात पडत होतं, आणि पाइपच्या खाली दोन्ही काठांना ब्राह्मी गालिच्यासारखी पसरली होती.

हुस्नबानूने अल्लाचे आभार मानले आणि खाली बसली. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं की इथे फार शांत आहे. एवढी ओल, पण बेडूक नाही. डास नाही. पान उलटलं तर खाली गोगलगाय नाही, मुंगी नाही. तिने ते भाग्याचं लक्षण मानलं.

तिसऱ्या खेपेला शेडच्या मागच्या दाराशी एक माणूस उभा दिसला. संपत त्याचं नाव. तो आत टाक्यांवर काम करायचा. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि बोलताना नाकातून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता.

"आजी, हितलं काय नेऊ नका. पानी चांगलं न्हाय."

"मी पाणी कुठे नेते, बाबा? पाला नेते."

"पाला काय हवेवर वाढलाय व्हय?"

"धुऊन घेते. तीन पाण्यांतून."

संपतने आपली बोटं तिच्यापुढे धरली. चिंधी सरकली तिथे कातडीत टाचणीच्या डोक्याएवढे खोल, कोरडे खड्डे होते. "मी बी रोज धुतो," तो म्हणाला आणि आत गेला.

हुस्नबानू घमेलं भरून घरी आली. त्या दिवशी तिने चौथं पाणीही घेतलं. घाण वरून लागते आणि धुतली की जाते, हे ती जन्मभर बघत आली होती. पान पाणी पितं, आणि पाण्यात असेल ते पिऊन बसतं, हा विचार तिच्या हिशेबात कधी बसलाच नव्हता. दिवाळीनंतर तिच्या स्वतःच्या बोटांची कातडी सुटायला लागली. अंगठ्याच्या पेराशी एक छोटा खड्डा पडला, मग दुसरा. दुखत नव्हता म्हणून तिने भांड्यांच्या पावडरीला बोल लावला आणि पावडर बदलली.

अपेक्षाला मात्र पानं फार आवडली. ती दर आठवड्याला घेऊन जाऊ लागली.

लग्न पंधरा डिसेंबरला, रविवारी ठरलं. गुरुवारी संध्याकाळी मिसबाला मांजाला बसवलं. पिवळे कपडे घातलेल्या नवरीला आतल्या खोलीत बसवायचं, सकाळ-संध्याकाळ उटणं लावायचं, आणि निकाहच्या सकाळपर्यंत तोंड धुवायचं नाही की आरसा बघायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. उटणं लावायचा मान सवाष्णींचा. विधवेने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. हे कुठल्या किताबात लिहिलेलं नाही, मौलवीसाहेब स्वतः तसं सांगायचे, पण कादर गेल्यापासून हुस्नबानू अशा प्रत्येक खोलीच्या बाहेरच बसत आली होती. तिने स्वतः मोहल्ल्यातल्या दुसऱ्या विधवांनाही बाहेर बसवलं होतं. नातीच्या वेळी तिला रीत मोडायची नव्हती. अपशकुनाला निमित्त कशाला द्यायचं?

म्हणून ती पाट्यापाशी बसून बेसन, हळद, चंदन आणि मूठ मूठ ब्राह्मी वाटायची, आणि वाटी दारातून आत द्यायची. आत गाणी चालायची, नणंदा-भावजयांची थट्टा चालायची. हुस्नबानूला सगळं ऐकू यायचं. दिसायचं काहीच नाही.

शुक्रवारी दुपारी मिसबाचा आवाज आला. "दादी, जळजळतंय गं."

"खेचतंय म्हणजे उजळतंय," आतून तिची आत्या म्हणाली.

"हळद जास्त झाली असेल," हुस्नबानू बाहेरून म्हणाली. "आता ब्राह्मी वाढवते. थंडावा येईल."

आणि तिने ब्राह्मी दुप्पट केली.

शनिवारी सकाळी तिने दाराशी जाऊन विचारलं, "कसं आहे, बेटा?"

"खाजतंय. पण चालतं, दादी. याला पर्जिंग म्हणतात. आधी सगळं बाहेर निघतं आणि मग चेहरा एकदम क्लिअर होतो. व्हिडिओत बघितलंय मी." आवाज जड येत होता, ओठ नीट मिटत नसावेत तसा. "दादी, डोळा थोडा सुजल्यासारखा वाटतोय."

"झोप झाली नसेल," आत्या म्हणाली. "नवरीला कुठली झोप!" आणि आत हशा पिकला.

हुस्नबानू हसली नाही. ती दाराशी उभी राहिली. आत जायला एकच पाऊल होतं. तिने उंबऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या पेराशी हिरवा लगदा त्या खड्ड्यांत जाऊन बसला होता. तिला संपतची बोटं आठवली. ती आठवण तिने तिथेच दाबली, कारण ती खरी मानली असती तर तिला त्याच क्षणी दार ढकलून आत जावं लागलं असतं, सगळ्यांसमोर, सवाष्णींच्या मध्ये. ती पाट्याकडे परतली. संध्याकाळच्या वाटीत तिने ब्राह्मी घातली नाही. कोणाला काही सांगितलंही नाही.

रविवारी सकाळी आत्याने कोमट पाण्याने मिसबाचा चेहरा धुतला आणि किंकाळी फोडली.

मग मात्र हुस्नबानू आत गेली. मिसबा पाटावर बसली होती. गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे कातडी लाल होऊन फुगली होती, बारीक फोडांतून पाणी झिरपत होतं आणि उजवा डोळा पूर्ण मिटला होता. लेप जिथे जाड बसला होता तिथे गडद ओल्या चकत्या होत्या. तिने चाचपडत आजीचा हात धरला.

"दादी, फार वाईट दिसतंय का?"

"नाही, बेटा."

"मग सगळ्या गप्प का झाल्या?"

गल्लीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या, श्वास लागला तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या असं बजावलं. "काय लावलंत हिला?"

कासिमने आईकडे पाहिलं. मग फळीवरची पांढरी डबी उचलली. "हे. कोरियन आहे. बाहेरचा माल, काय घालतात कोण जाणे."

डॉक्टरीणबाईंनी डबी उलटसुलट केली. "ह्याने एवढं?" त्या म्हणाल्या आणि डबी परत ठेवली.

त्या गेल्यावर कासिमने आईला स्वयंपाकघरात ओढलं. "अम्मी, कोणी विचारलं तर क्रीमच सांगायचं. तुझ्या पाल्याचं नाव निघालं तर धंदा जाईल. आणि लोक म्हणतील, सख्ख्या आजीने केलं."

"पोरीचं काय?"

"पोरीचं पण हेच बरं. क्रीममुळे झालं तर ते क्रीमचं. चार दिवसांत जाईल."

हॉलवर पाहुणे जमत होते, बिर्याणीचे डेग चढले होते. बातमी मात्र हॉलवर त्यांच्याआधी पोचली. दुपारी मुलाची आई एकटीच घरी आली. बाई उंच होती, कमी बोलणारी. तिने मिसबाच्या तोंडावरची ओढणी हलकेच बाजूला केली, बराच वेळ पाहिलं, आणि परत सारखी केली.

"हे आजचं आहे?" तिने विचारलं. "का आधीपासून होतं?"

"आजचं," कासिम घाईने म्हणाला. "क्रीमने झालं. हे बघा, हे कोरियन."

"हे माझी मुलगी वर्षभर लावते. तिला काही झालं नाही." तिने डबी हातातही घेतली नाही. "कासिमभाई, मुलीला कातडीचं दुखणं असेल तर आत्ताच सांगा. लपवलेलं नंतर कळलं तर मुलगीच परत येईल. मी धमकी नाही देत. आमच्या घरात हे झालेलं आहे."

आत्या भिंतीकडे बघत होती. कासिमच्या कपाळावर घाम आला होता. तो पुन्हा क्रीमचं नाव घेणार आणि प्रत्येक खेपेला ते जास्त खोटं वाटणार, हे हुस्नबानूला समोर दिसत होतं. आज निकाह झाला तरी तो संशय मुलीच्या सामानाबरोबर हडपसरला जाणार होता.

ती पुढे झाली आणि आपले दोन्ही पंजे मुलाच्या आईसमोर धरले.

"पोरीला काही दुखणं नाही. हे बघा, मला पण झालंय. ज्या पाल्याने मला झालं, त्यानेच तिला झालं. वाटला मी. दिला मी."

मुलाच्या आईने ते हात आपल्या हातात घेतले आणि उजेडाकडे वळवले. एकेक खड्डा अंगठ्याने चाचपला.

"कुठला पाला?"

"ओढ्याकाठचा. वर कारखाना आहे, त्याचं पाणी येतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एका माणसाने सांगितलं होतं."

"तरी नातीला लावलंत?"

"तीन पाण्यांतून काढला होता," हुस्नबानू म्हणाली. स्वतःच्या कानांना ते कसं ऐकू आलं ते तिलाच माहीत.

मुलाच्या आईने हात सोडले. "मी तुमच्यावर विश्वास ठेवते," ती म्हणाली. "पण आज नको. चेहरा बरा होऊ दे. मग बघू."

डेग शिजले होते आणि माणसं आली होती, तेव्हा जेवणं झाली. निकाह झाला नाही.

जानेवारीत मिसबाचा डोळा पूर्ण उघडला. वरची कातडी पापुद्र्यांनी निघून गेली आणि खाली गालांवर, कपाळावर गडद डाग राहिले. उन्हात गेली की ते पेटायचे. ती तोंडाला मास्क लावून काउंटरवर उभी राहू लागली. मुलाचा फोन सुरुवातीला रोज यायचा. मग दोन दिवसांनी यायला लागला. त्याच्या आईला कासिमने तारखेचं विचारलं की ती सौजन्याने म्हणायची, "बघू." तिने नाही म्हटलं नव्हतं. तेच अवघड होतं. नाही म्हटलं असतं तर निदान रडून मोकळं होता आलं असतं.

मिसबा आजीला एक शब्द वेडावाकडा बोलली नाही. फक्त तिने तो हात, लहानपणी भाजलेला, झाकायला सुरुवात केली. थंडी गेली तरी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची.

हुस्नबानू बापूरावांच्या दुकानात गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बापूराव ऐकत राहिले. मग तिने सोबत आणलेली उरलीसुरली पानं पिशवीत भरून त्यांनी एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवली. आठवड्याने निकाल आला.

"प्रयोगशाळेवाला मला विचारत होता, हे झाडाचं पान आहे की खिळा," ते म्हणाले. "क्रोम आहे, मुलाम्यातला धातू. मुळापासून शेंड्यापर्यंत. धुऊन जाणारं नाही, बानूबाई. ते पानाच्या आत आहे."

त्यांनी अपेक्षाला बोलावून घेतलं. ती आली, सगळं ऐकलं आणि स्टुलावर बसली.

"किती डब्या गेल्या?" बापूरावांनी विचारलं.

"आहेत बऱ्याच. नागपूर, नाशिक, दोन तर दुबईला गेल्या. पण काका, अजून एकाचीही तक्रार नाही. आणि मी लेबलवर लिहिलंय, आधी कोपरावर लावून बघा म्हणून."

"लिहिलंय ना? मग झालं. आता चेहऱ्यावर लावणाऱ्याची चूक."

अपेक्षा रडायला लागली. पण घरी जाऊन तिने खरोखर सगळ्यांना कळवलं. काहींनी उत्तर दिलं नाही. काहींनी पैसे परत मागितले. एका बाईने लिहिलं की थोडं जळजळतं खरं, पण असर दिसतोय, जुनी डबी शिल्लक असेल तर द्या. अपेक्षाने ते हुस्नबानूला वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत, एका सकाळी, हुस्नबानू कुदळ घेऊन ओढ्यावर गेली. सगळी वेल मुळासकट उपटायची आणि भर उन्हात जाळायची, एवढंच तिने ठरवलं होतं. शेडचं मागचं दार बंद होतं. संपतची चौकशी केली तर एका पोऱ्याने सांगितलं, तो गावी गेला, छातीचं काहीतरी निघालं. पाइपमधून पाणी पडत होतं. काठावर उतरल्यावर ती थबकली. दोन्ही काठ मोकळे होते. वेल विळ्याने नीट, सफाईने कापलेली, पुन्हा फुटावी म्हणून मुळं जागेवर ठेवलेली. कापणारा माहीतगार होता. देठांच्या टोकांना अजून ओल होती.

तिने कुदळ तिथेच टाकली आणि बस पकडून मंडई गाठली. पालेभाजीच्या ओळीच्या शेवटी एक तरुण बाई ओल्या फडक्यावर ब्राह्मीचे वाटे लावून बसली होती. गिऱ्हाइकं होती. कॉलेजातल्या दोन मुली वाकून मोबाइलवर फोटो काढत होत्या.

"ताजं हाय, मावशी. कालच काढलंय. चेहऱ्याला लई भारी, कोरियातल्या बाया हेच लावत्यात."

"कुठून आणलं?"

"पाला पायजे का पत्ता?"

हुस्नबानू तिच्याजवळ उकिडवी बसली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ओढ्याचं, पाइपचं, मिसबाचं. हात दाखवले. बाईने हातांकडे पाहिलं, मग त्या दोन मुलींकडे पाहिलं, त्या चार वाटे घेऊन निघाल्या होत्या.

"आवो, मग एवढी मानसं नेत्यात ती काय मरत्यात व्हय?" ती म्हणाली. "तुमचं गिऱ्हाईक मी तोडलं म्हनून बोलताय. ठावं हाय मला, तुमी जुन्या हायसा."

"माझा धंदा बंद झाला, बेटा. मी कोणाला विकत नाही."

"मग मला इकू द्या."

हुस्नबानूने फडक्यावर उरलेले सगळे वाटे मागितले. बाईने हिशेब केला, तो तीनशे साठ झाला. हुस्नबानूच्या पदरात तीनशेच होते. बाईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग सगळा पाला पिशवीत भरून दिला.

"ऱ्हाऊ द्या. पुढच्या मंगळवारी मी पुन्यांदा आनते, तवा द्या."

साठ रुपये अजून द्यायचे आहेत.